सी ड्राइव्ह, उलटी रेघ आणि 'कॉन'

विंडोजमध्ये 'कॉन' (सी-ओ-एन) नावाचा फोल्डर करायला गेलात तर संगणक साफ नकार देतो. व्हायरस वगैरे काही नाही, हे सत्तरच्या दशकातलं जुनं देणं आहे.

१९७४ साली कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. माउस नाही, चित्रं नाहीत. 'डीआयआर' टाइप करून एंटर दाबलं की फ्लॉपीवरच्या फायलींची यादी यायची, 'आरईएन'ने नाव बदलायचं. नक्कल करायला 'पिप' होतं, त्यात आधी 'कुठे' आणि मग 'कुठून' लिहायचं. कीबोर्ड आणि पडदा मिळून जो कन्सोल, त्यालाही फाइलसारखंच नाव होतं : कॉन.

१९८० मध्ये सिएटलच्या टिम पॅटर्सन यांनी याच धर्तीवर इंटेल ८०८६ या प्रोसेसरसाठी क्यूडॉस लिहिली. त्यातल्या 'क्यू' आणि 'डी'चा अर्थ झटपट आणि ओबडधोबड. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ती 'डॉस' म्हणून आयबीएम पीसीबरोबर बाजारात आली. पिप जाऊन सरळ वळणाची 'कॉपी' आज्ञा आली. 'कॉपी कॉन' आणि पुढे फाइलचं नाव दिलं, की टाइप कराल ते फाइलमध्ये जायचं. शेवटी कंट्रोल-झेड. ही खूणही सीपी/एमचीच : तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांतच मोजली जाई, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे वेगळं सांगावं लागे.

या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. १६० केबीच्या फ्लॉपीत हवेत कशाला? पण १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी या नव्या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क आली. 'ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपींनी अडवलेली, म्हणून तिच्या वाट्याला 'सी'. आता कप्पे करणं भाग होतं. डॉस २.० ने फोल्डर करायला एमडी, एकातून दुसऱ्यात जायला सीडी आणि काढून टाकायला आरडी या आज्ञा आणल्या. कल्पना युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची. तिथे फोल्डरची नावं तिरप्या रेघेने (/) जोडत, पण डॉसमध्ये ती रेघ 'डीआयआर/डब्ल्यू'सारख्या, आज्ञेला जोडायच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. मग उलटी रेघ (\) घेतली. माझ्या मते डॉसची सगळ्यात त्रासदायक तडजोड हीच. दोन्हींवर काम करणारे अजून चुकतात.

(आपल्याकडे याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवायला पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवत. आज्ञा मात्र रोमनमध्येच द्यायच्या.)

आता 'कॉन'. फोल्डरच नसताना ते नाव कुठेही लिहिलं तरी अर्थ एकच होता. फोल्डर आल्यावर जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ठरलं, की प्रत्येक फोल्डरमध्ये कॉन आहेच असं धरायचं. डॉसचा हा नियम विंडोजनेही पुढे चालवला. तुम्ही तो नव्याने करणार कसा?