फवारणीच्या औषधाची बाटली आधी फिरवून बघा, मग पैसे द्या

राम राम मंडळी. सीझनला आमच्या शेती औषधांच्या दुकानात काउंटरवर गर्दी असते, बोलणं होत नाही, म्हणून हा कागद पिशवीत टाकलाय.

बाटलीवर एक तिरपा उभा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य म्हणजे पाणी नव्हे हां. 2017 ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. बाटलीसोबत घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद येतो ना, जो आपण दुकानाच्या पायरीवरच फेकतो, त्यात विषावरचा उतारा कोणता ते छापलेलं असतं. तो ठेवा, आणि कुणाला गरगरलं, उलटी झाली तर पेशंटसोबत बाटली पण दवाखान्यात न्या, डॉक्टरला औषध कळलं की इलाज लवकर सुरू होतो.

आता कायद्याचं. 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, त्यात केंद्र सरकारच्या फरीदाबादच्या नोंदणी समितीची मंजुरी असल्याशिवाय कुठलंच कीटकनाशक विकता येत नाही, आणि मंजुरी पिकानुसार असते. लेबलवर कपाशी लिहिलंय म्हणून वांग्यावर मारायचं नाही. 2023 ला डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल बंद झालं, मोनोक्रोटोफॉस 36 एसएल (36 टक्क्यांचं पातळ औषध) पण टप्प्याटप्प्यानं बंद करायला लावलं, त्यामुळे "तेच जुनं द्या ना भाऊ" म्हणून आमच्यावर रागावू नका.

मागच्या वर्षी एक कास्तकार करपलेली पाती घेऊन आले. औषध गावात आलेल्या गाडीवरून घेतलेलं, बाटलीवर फक्त "बायो पॉवर" असं काहीतरी, नोंदणी नंबर नाही, बॅच नाही, बिल नाही. पंचायत समितीत तक्रार करायला गेले तर तिथं पहिला प्रश्न, बिल कुठाय. संपलं. बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघून घ्या, माल खराब निघाला तर कृषी खात्याचे निरीक्षक त्याच बॅचचं सॅम्पल काढू शकतात.

अनुदानाचं पण तसंच, आधी कागद मग खरेदी. फवारणी पंपासाठी सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर अर्ज करा, पूर्वसंमती येईपर्यंत पंप विकत घेऊ नका, आधी घेतला की पैसे अडकतात, दरवर्षी दोन-चार जण असे फसतातच.

आणि उगाच औषध मारू नका, हे दुकानदार सांगतोय! 2008 ला सोयाबीनवर अळी आली, त्यानंतर राज्यानं क्रॉपसॅप (पिकावरच्या कीड-रोगावर नजर ठेवून सल्ला द्यायची योजना) सुरू केलं, त्याचा सल्ला कृषी सहायकाकडे फुकट मिळतो. कपाशीत हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा, सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग सापडले तरच बोंडअळीच्या औषधाला या. तोपर्यंत निंबोळी अर्क चालतो.

घाईत आम्ही बिल द्यायचं विसरलो तर हक्कानं हाक मारा.