सदुसष्ट घातांकाची मेर्सेन संख्या

दोनच्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी २१ अंकी संयुक्त संख्या. तिची किंमत १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ असून एकं, दहं, शतं ही मोजणी परार्धापर्यंत नेली तरी ती तीन स्थाने पुढे उरते. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या परिचित गोष्टीत ६४ घरांचे मिळून जेवढे दाणे होतात, त्यांच्या आठपटीहून ही संख्या फक्त ७ ने मोठी आहे.

फ्रेंच धर्मगुरू मारें मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ यांपासूनच अशा प्रकारच्या (दोनच्या घातातून १ वजा करून येणाऱ्या, म्हणजेच मेर्सेन) मूळ संख्या मिळतात. यांतील ६७ व २५७ चुकीचे ठरले, तर ६१, ८९ व १०७ सुटलेले आढळले. ६७ यादीत कसा आला, याविषयी मतभेद आहेत. १८८३ मध्ये रशियन धर्मगुरू पेर्वुशिन यांनी ६१ घातांकाची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केल्यावर, मुळात ६१ असावे व छपाईत त्याचे ६७ झाले असावे, असा तर्क पुढे आला. मात्र ८९ व १०७ का नाहीत आणि २५७ का आहे, याचा उलगडा त्याने होत नाही. दुसऱ्या मतानुसार, दोनच्या घाताहून १ ने किंवा चारच्या घाताहून ३ ने कमीअधिक असणारे मूळ घातांक निवडण्याचा नियम यादीमागे असावा. या नियमात ६४ अधिक ३ म्हणून ६७ बसतो, २५७ ही बसतो आणि ८९ व १०७ गळतात. ६१ तेवढा बसत असूनही यादीत नाही. तो नजरचुकीने राहिला असे धरल्यास हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही संख्या संयुक्त असल्याचे फ्रेंच गणितज्ञ एद्वार लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले, पण तिचे अवयव त्यांना मिळाले नाहीत. अवयव न सापडताही संख्या संयुक्त ठरवता येते, हे येथे लक्षात घ्यावे. ४ पासून आरंभ करून, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत व प्रस्तुत संख्येने भागून बाकी ठेवावी, अशा ६५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ असते (कसोटीचे हे सुटसुटीत रूप पुढे अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी दिले). याउलट फ्रेंच गणितज्ञ फेर्मा यांची २ या पायावरील कसोटी (संख्या विषम मूळ असल्यास, तिच्याहून १ ने लहान असलेल्या घातांकाच्या दोनच्या घातास तिने भागता १ बाकी उरते) येथे निरुपयोगी आहे, कारण संयुक्त असूनही ही संख्या त्या कसोटीस उतरते.

तिचा प्रत्येक मूळ विभाजक १३४ च्या पटीहून १ ने मोठा असतो आणि त्याला ८ ने भागल्यास १ किंवा ७ बाकी राहते. तथापि लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीनंतर येतो. त्यामुळे ८ ने भागण्याच्या अटीने निम्मे पर्याय गळले तरी सात लाखांहून अधिक उरतात.

अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना एखाद्या संख्येने भागता उरणाऱ्या बाक्यांच्या) साहाय्याने मार्ग काढला आणि ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत पुढील विघटन मांडले :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत. कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर घात व गुणाकार करून दाखवला आणि या कामास ‘तीन वर्षांचे रविवार’ लागल्याचे नंतर सांगितले, ही हकिकत गणितज्ञ व लेखक ई. टी. बेल यांनी जवळजवळ अर्ध्या शतकानंतर लिहिली. बेल यांचे लेखन रंगतदार असले तरी तपशिलांबाबत सर्वस्वी विश्वसनीय मानले जात नाही. कोल यांच्या छापील निबंधात भर आहे तो पद्धतीच्या विवेचनावर.