पार्श्वभूमी : ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आलीच नाही

सोलापुरात विकास आराखड्याचं, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशाचं, प्रारूप प्रसिद्ध झालं की नगररचना विभागात रंगीत नकाशे लागतात, पेपरात जाहीर सूचना येते आणि हरकती-सूचनांची तीस दिवसांची मुदत सुरू होते. लोक येतात, आपल्या जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलंय का तेवढं बघतात आणि पडलं असेल तर वकील गाठतात. आमच्या वस्तीला शाळा कुठे हवी, नाल्याचं पाणी कुणाच्या दारात येतं, असं सांगणारी हरकत क्वचितच असते. अधिकारी याला नागरिकांची अनास्था म्हणतात. निदान हद्दवाढ भागापुरतं, म्हणजे १९९२ मध्ये शहरात घेतलेल्या गावांपुरतं तरी ते खरं नाही. तिथे बोलायची जागा होती. ती काढून घेतली गेली.

नगरपालिका १८५२ ची, गिरण्या १८७० च्या दशकापासूनच्या, हे सोलापूरकराला सांगायला नको. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर शहरात टीपी स्कीमा, म्हणजे एकेका भागातल्या जमिनींची नव्याने आखणी करणाऱ्या नगररचना योजना झाल्या. जुन्या खरेदीखतांत ‘अंतिम भूखंड’ हा शब्द आजही भेटतो तो त्यांच्यामुळे. त्या स्कीमांमध्ये म्हणणं मांडता येई ते ज्याचा जमिनीत हक्क त्याला. चाळीत भाड्याने राहणाऱ्या गिरणी कामगाराचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे १९६४ मध्ये महापालिका झाली आणि १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. सध्याची हरकती आणि सुनावणीची पद्धत या कायद्यातली. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. रहिवाशाने यायचं ते सुनावणीला, म्हणजे नकाशा तयार झाल्यावर.

मग आलं १९९२. हद्दवाढीने शहराचं क्षेत्र साधारण ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ च्या पुढे गेलं. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणे ही गावं शहरात आली. एका अधिसूचनेत शहर पाचपट झालं. हद्द बदलण्याआधी हरकती मागवायची तरतूद कायद्यात आहे, पण हरकत मागवणं वेगळं आणि गावाला विचारणं वेगळं. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. शेतजमिनींचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पडून विकले जातच होते, नियंत्रण कुणाचंच नव्हतं, आज ना उद्या हे शहरच होणार होतं. विरोध करणारे विचारत होते की आतल्या पेठांनाच पुरेसं पाणी नसताना बाहेरच्यांना कुठून देणार? गेल्या तीस वर्षांत विरोधकांचा प्रश्न खरा ठरला, असं माझं मत आहे. कर महापालिकेचा, सातबारा शेतीचा आणि पाणी टँकरचं, अशा अवस्थेत कितीतरी वसाहतींची एक पिढी गेली. गुंठेवारी, म्हणजे असे तुकडे पाडून झालेली बांधकामं, नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला. १ जानेवारी २००१ ही त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. मधल्या वीस वर्षांत किती गुंठेवारी झाली असेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधावा.

पण पाणी आणि रस्त्यांच्या या भांडणात एका गोष्टीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. गावं शहरात आली त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या आणि ग्रामसभाही. ग्रामसभा काही फार तेजस्वी चालत होती असं नाही. कोरम भरत नसे, ठराव आधीच लिहिलेले असत, बायकांना बोलावणंही जात नसे. तरीही गावठाणातल्या कुणाही मतदाराला उभं राहून ‘हे काम का झालं नाही’ असं विचारायचा हक्क कायद्याने होता. आणि काळाची चेष्टा अशी की पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. शेळगीची ग्रामसभा त्याच्या जेमतेम वर्षभर आधी गेली होती.

जून १९९३ मध्ये शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती लागू झाली. तिच्यात ग्रामसभेसारखं काही नाही. तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या आहेत. महाराष्ट्रात त्यांत त्या भागातले नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य बसतात. त्या तिघांची निवडही नगरसेवकांच्याच हातात. म्हणजे बाळे गावच्या माणसाने ग्रामसभेतला आपला आवाज दिला आणि बदल्यात त्याला आपला नगरसेवक ज्या समितीत बसतो ती समिती मिळाली.

ही पोकळी भरायला २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभा आणली. तीही केंद्राच्या शहरी निधीसोबत आलेल्या अटींच्या रेट्याने. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सदस्य आणि अध्यक्ष त्या वॉर्डाचा नगरसेवक. क्षेत्रसभेने कामं सुचवायची, पाणी-दिव्यांतल्या उणिवा दाखवायच्या. आराखड्यावर थेट अधिकार नाही, पण एकत्र बसून एक मागणी ठरवायची जागा तरी झाली असती. क्षेत्रं आखून नियमित सभा घेण्याची वेळ मात्र आलीच नाही. त्यात प्रभागरचना बदलत राहिली. २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये बहुतेक ठिकाणी चार. त्या चौघांपैकी क्षेत्रसभेचा अध्यक्ष कोण? एकमेकांकडे बोट दाखवायची सोय आपोआप झाली.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर आलं तेव्हा ‘लोकसहभाग’ हा शब्द अचानक सगळीकडे दिसू लागला. शहरांच्या निवडीत त्याला गुण होते ना! फॉर्म भरून घेतले गेले, मतं मागवली गेली, शाळा-कॉलेजांत स्पर्धा झाल्या. उत्साह खोटा नव्हता. पण निधीचा मोठा भाग खर्च झाला तो सिद्धेश्वर तलाव, किल्ला आणि भोवतालच्या मध्यवर्ती भागात, आणि निर्णय घेतले महापालिकेच्या सभागृहाबाहेर स्थापन केलेल्या कंपनीने. हद्दवाढीतल्या माणसाचं मत मोजलं गेलं, त्याची गल्ली त्या नकाशात नव्हती.

भाषेचा प्रश्न यात कायम बाजूला पडतो. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, इतरत्र कन्नड आणि दखनी. जाहीर सूचना मात्र सरकारी मराठीत, जी अस्सल मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते.

सहभाग जमवता येत नाही म्हणावं तर शहराशेजारच्या कुंभारी गावाकडे बघावं. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, सहकारी संस्था करून, आपला हप्ता भरून २००६ मध्ये दहा हजार घरं उभी केली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजारांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. ही सगळी वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहराच्या आराखड्यात कामगाराला परवडेल अशी जागा मिळाली नाही, म्हणून हद्द ओलांडावी लागली.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला. या काळात स्थायी समितीच नव्हती. त्यामुळे नियोजन समितीत लोकांनी निवडून दिलेले तीन सदस्य बसवण्याचा प्रश्नच उरला नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह परत आलं, प्रभाग पुन्हा बहुसदस्यीय. क्षेत्रसभेचं कलम कायद्यात अजून आहे. तिची क्षेत्रं आखायला नवा कायदा लागत नाही, मतदान केंद्रांची यादी लागते, आणि ती निवडणुकीसाठी नुकतीच तयार झालेली आहे.