ग्रीकांश संस्कृती

अलेक्झांडरच्या मृत्यूपासून (इ. स. पू. ३२३) इजिप्त रोमच्या ताब्यात जाईपर्यंत (इ. स. पू. ३०) पूर्व भूमध्य सागर ते सिंधूचे खोरे या पट्ट्यात ग्रीक भाषा व स्थानिक परंपरा यांच्या मिश्रणातून घडलेली संस्कृती. तिला हेलेनिस्टिक संस्कृती असेही म्हणतात.

मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर इ. स. पू. ३३४ मध्ये आशियात उतरला आणि काही वर्षांतच त्याने इराणचे हखामनी साम्राज्य मोडीत काढले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियासह अनेक नगरे त्याने वसवली. मात्र ग्रीक संस्कृतीच्या प्रसाराचे सगळे श्रेय त्याला देणे योग्य नाही. बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरात) ठेवलेल्या त्याच्या ग्रीक सैनिकांना तिथे राहायचेच नव्हते. अलेक्झांडर मरण पावल्याचे कळताच हजारो जण मायदेशी निघाले आणि ते बंड मॅसिडोनियन सेनेने कापून काढले. संस्कृती रुजली ती पुढच्या पिढ्यांत, त्याच्या सेनापतींनी उभारलेल्या राज्यांमध्ये. इजिप्तमध्ये टॉलेमी, सिरिया ते इराण या भागात सेल्युकस आणि मॅसिडोनियात अँटिगोनसचे वंशज राज्य करू लागले.

भाषेचा प्रसार मुख्यतः दफ्तरातून झाला. ग्रीसमधील वेगवेगळ्या बोलींच्या जागी अ‍ॅथेन्सच्या बोलीवर आधारलेली ‘कोइने’ ही सर्वसामान्य ग्रीक भाषा रूढ झाली. करवसुली, करारमदार आणि दरबारी अर्ज तिच्यातच होत. टॉलेमींनी अक्षरे शिकवणाऱ्या शिक्षकांना मिठावरचा कर माफ केला होता. सरकारी नोकरी हवी असलेला इजिप्शियन लेखनिक ग्रीक शिकू लागला, तो पोटासाठी. अलेक्झांड्रियातील ज्यूंनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले आणि ख्रिस्ती ‘नवा करार’ही पुढे याच भाषेत लिहिला गेला.

हे मिश्रण प्रत्यक्ष पाहायचे तर अफगाणिस्तानातील आइ-खानुम या नगराचे अवशेष पाहावेत. अमूदर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमावरील या स्थळाचे उत्खनन फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत केले. तिथे नाट्यगृह आणि भव्य व्यायामशाळा सापडली. राजवाड्याचे खांब ग्रीक घडणीचे, पण त्याची मांडणी इराणी. मुख्य देवळाचा आराखडा मेसोपोटेमियन आणि आतील मूर्तीच्या उरलेल्या पावलात मात्र वज्राचे चिन्ह असलेली ग्रीक चप्पल. नगराच्या संस्थापकाच्या समाधीपाशी क्लिआर्कस नावाच्या गृहस्थाने ग्रीसमधील डेल्फीच्या देवळातील बोधवचने नकलून आणून कोरवली होती. त्यातली शिल्लक राहिलेली वचने सांगतात : लहानपणी शिस्तीने वागावे, तारुण्यात संयम राखावा, मध्यम वयात न्यायी असावे, म्हातारपणी चांगला सल्ला द्यावा आणि मरताना दुःख करू नये. डेल्फीपासून इतक्या दूर ही वचने दगडावर कोरून घेण्यामागची निष्ठा कोणत्याही युद्धविजयापेक्षा मोठी वाटते.

भारताच्या बाजूनेही देवाणघेवाण झाली. सम्राट अशोकाने कंदाहार येथे आपला धर्मलेख ग्रीक आणि अरामाइक (पश्चिम आशियातील एक प्राचीन भाषा) या भाषांत कोरवला. म्हणजे तिथे ग्रीक वाचणारी प्रजा होती. हिंदी-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतील प्राकृत मजकूर असे. मिनँडर, म्हणजेच बौद्ध परंपरेतला मिलिंद, याच्या नाण्यावर ‘बासिलिऑस सोटेरॉस मेनांद्रू’ आणि ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असा एकच आशय दोन भाषांत वाचता येतो. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी खरोष्ठी लिपीचा उलगडा केला, तो अशा नाण्यांच्या आधारानेच. अ‍ॅगाथोक्लीझ या राजाच्या नाण्यांवर तर बलराम आणि वासुदेव-कृष्ण दिसतात.

महाराष्ट्रात कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवनांची, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीकांची, दाने नोंदलेली आहेत. नाशिकच्या एका लेण्याचा दाता धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा ‘योणक’ (यवन) म्हणवतो. बापलेकांची नावे भारतीय, दान बौद्ध भिक्षुसंघाला आणि तरीही ओळख यवनाची.

राज्ये लयाला गेल्यावरही कुठे ग्रीक भाषा, तर कुठे तिची अक्षरे मागे उरली. कुषाणांनी नाण्यांवरून ग्रीक भाषा काढली, पण आपली बॅक्ट्रियन भाषा लिहायला ग्रीक अक्षरेच ठेवली. पश्चिमेकडे सिरियात अरब सत्ता आल्यावरही सरकारी हिशेब काही दशके ग्रीकमध्येच राहिले. खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, सातव्या शतकाच्या अखेरीस, त्यांची जागा अरबीने घेतली.