लिनोलियम म्हणजे प्लॅस्टिक नव्हे

"लिनोलियम म्हणजे प्लॅस्टिकचीच फरशी, नाव तेवढं भारी." असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गैरसमज स्वाभाविक आहे. दोन्हींची गुंडाळी सारखीच दिसते आणि दुकानातही व्हिनाइलला सर्रास लिनोलियम म्हणतात.

नावाची फोड पाहा: लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस, 'ओलेउम' म्हणजे तेल. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. त्यात राळ, लाकडाचा भुसा, चुनखडीची पूड आणि रंग मिसळून ते तागाच्या कापडावर दाबतात, मग बरेच दिवस टांगून सुकवतात. ही पद्धत 1860च्या दशकातली. व्हिनाइल मात्र पीव्हीसीचं, म्हणजे खरोखरच प्लॅस्टिक.

खात्री करायची तर नमुन्याचा तुकडा मागा. मागे तागाची वीण दिसते का? कापलेल्या कडेला रंग आतपर्यंत उतरलाय का? व्हिनाइलवर नक्षी बहुधा वरच्या थरात छापलेली असते. नव्या लिनोलियमला जवसाच्या तेलाचा वासही येतो. मला तर नाकाची परीक्षाच सर्वात सोपी वाटते. (जाळून मात्र पाहू नका, पीव्हीसीचा धूर घातक असतो.)

एक मात्र खरं, हल्लीच्या बऱ्याच लिनोलियमवर संरक्षणासाठी कृत्रिम लेपाचा पातळ थर असतो.