दगडफूल आणि पॅरिसचा परफ्यूम

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल तेलात पडलं की स्वयंपाकघराची हवाच बदलते. कच्चं हुंगलं तर त्याला फारसा वास नसतो, जुनं कपाट उघडल्यासारखा जरासा कुबटपणा, एवढंच. तापलं की मात्र मातकट, धुरकट दरवळ सुटतो.

या दगडफुलाचा एक भाऊबंद युरोपात ओकच्या फांद्यांवर वाढतो. त्याला ओकमॉस म्हणतात. नावात शेवाळ असलं तरी तेही आपल्या दगडफुलासारखंच, बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून जन्मलेलं. परफ्यूमच्या समीक्षकांमध्ये गेली काही वर्षं जी भांडणं चालतात, त्यातली बरीचशी याच्यावरून असतात.

१९१९ साली पॅरिसमध्ये झाक गेर्लँ यांनी ‘मित्सुको’ हा परफ्यूम घडवला. वर बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या भावंडाची तरतरी, तळाशी ओकमॉसचा दमट अंधार. हा साचा दोन वर्षं आधी फ्रान्स्वा कोटी यांच्या ‘शिप्र’ या परफ्यूममध्ये लोकप्रिय झाला होता. गेर्लँ यांनी मध्ये पीच आणून बसवलं, तेही फळ न वापरता, प्रयोगशाळेतल्या एका रेणूच्या जोरावर. व्यापारात तो ‘आल्डिहाइड सी-१४’ म्हणून ओळखला जातो. गंमत म्हणजे तो आल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणू १४ नसून ११ आहेत!

समीक्षक असा परफ्यूम कागदाच्या पट्टीवर घेतो आणि दिवसभर पुन्हा पुन्हा हुंगतो. हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू मागे रेंगाळतात. म्हणून पहिल्या मिनिटाचा वास वेगळा, अर्ध्या तासाचा वेगळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आणखी वेगळा. दुकानात दोन मिनिटं हुंगून शेरा मारणं म्हणजे आलापी संपायच्या आत मैफल सोडून उठणं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २००६ मध्ये चँडलर बर यांना खास परफ्यूमवर लिहायला नेमलं. २००८ मध्ये लुका ट्यूरिन आणि टानिया सांचेझ यांनी शेकडो परफ्यूमना एक ते पाच तारे देणारा ग्रंथच काढला. ट्यूरिन मूळचे जीवभौतिकशास्त्रज्ञ. रेणूंच्या कंपनांवरून नाक वास ओळखतं, हा त्यांचा सिद्धान्त बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नाही; पण लिहिणारा माणूस फर्मास.

आता भांडणाकडे. ओकमॉसही वाळलेलं असताना फारसं बोलत नाही. अल्कोहोलमध्ये भिजलं की त्यातले मोठे रेणू मोडतात आणि त्यांच्या तुकड्यांतून तो गंध निघतो. त्याच मोडतोडीत अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल हे दोन तुकडेही तयार होतात, आणि काहींच्या त्वचेला त्यांची जबर अॅलर्जी असते. युरोपीय संघानं २०१७ मध्ये दोन्हींवर बंदी घालायचं ठरवलं. तेव्हा ओकमॉसमधून हे तुकडे काढून टाकणं किंवा कृत्रिम रेणूंवर भागवणं आलं. म्हणजे बाटली तीच, नाव तेच, आतला ऐवज बदललेला. चित्राच्या समीक्षकावर ही पाळी येत नाही. जुन्या वासाची खातरजमा करायची तर व्हर्सायला जावं लागतं. तिथं १९९० पासून ‘ऑस्मोथेक’ हे गंधांचं संग्रहालय आहे. जुने परफ्यूम तिथं अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, हवेऐवजी आर्गॉन वायूखाली ठेवलेले असतात, ऑक्सिजननं ते नासू नयेत म्हणून.

बरं, साक्षीदार नाक तरी भरवशाचं आहे का? माणसाच्या नाकात गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर (ग्राही) असतात आणि कोणत्याही दोन माणसांत त्यांतले जवळपास ३० टक्के वेगवेगळे वागतात. व्हायोलेटच्या फुलातला बीटा-आयोनोन हा रेणू काहींना फुलासारखा गोड लागतो, तर काहींना आंबूस. हा फरक मुख्यतः एकाच जनुकातून येतो. त्यामुळे ताऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण ‘आधी पीच, मग ओली माती’ असं कुणी लिहिलं की त्याच्या नाकामागून आपलं नाक चालू शकतं.

त्यासाठी शब्द हवेत. मलाय द्वीपकल्पातले जहाई लोक रंगांइतक्याच सहज वासांची नावं घेतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मराठीही इथं दरिद्री नाही: खमंग, खरपूस, कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र. फक्त यातले बहुतेक शब्द चुलीपाशी जन्मले. मनगटावर परफ्यूम लावला की आपण ‘मस्त आहे’ म्हणतो आणि गप्प बसतो.

माझी आत्या गप्प बसली नाही. मित्सुकोची पट्टी मी तिला संध्याकाळी दिली, तेव्हा ती म्हणाली, “कसलंसं फळ आहे, पण साल काढलेलं नाही.” पट्टी रात्रभर फडताळात राहिली. सकाळी चहा गाळता गाळता तिनं ती पुन्हा नाकाशी धरली.

“हा तर मसाल्याच्या डब्याचा तळ. फळ कुठं गेलं रे?”