राइज की टिल्ट? राजाबाई टॉवरपुढे झालेली गल्लत

चार बाय पाच इंची फिल्मच्या शीटचा कॅमेरा पहिल्यांदा हातात आला की पुढच्या पाटीचे स्क्रू बघून हात शिवशिवतात. भिंगाची पाटी वर सरकते तो राइज, कलते तो टिल्ट. दोन्ही एकाच पाटीवर, म्हणून नवखा माणूस ‘उंच इमारत आहे ना, मग टिल्ट’ म्हणतो आणि फसतो. राइजने चौकटीत काय येणार ते बदलतं. टिल्टने त्यातलं काय धारदार उमटणार ते.

ओव्हल मैदानावर राजाबाई टॉवरपासून दीडशे मीटरवर उभे राहा. टॉवर साधारण ८५ मीटर उंच. भिंग १५० मिमीचं (म्हणजे नाभीय अंतर तेवढं) असेल तर हिशेब तोंडी होतो: समोरचा एक मीटर म्हणजे फिल्मवर एक मिलिमीटर. उभी शीट सुमारे १२० मिमीची, म्हणजे टॉवर मावायला हवा. पण कॅमेरा लेव्हलमध्ये असला की क्षितिज मधोमध येतं, वरच्या बाजूला ६० मिमीच उरतात आणि टॉवरचं डोकं छाटलं जातं. कॅमेऱ्यानेच मान वर केली तर टॉवर मागे रेलतो. म्हणून कॅमेरा तसाच ठेवून भिंग २८ मिमी वर सरकवायचं. काळ्या कापडाखाली कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर सगळं उलटं असतं, त्यामुळे टॉवरचा कळस खालच्या कडेतून हळूच आत येतो. (पहिल्यांदा हे बघताना मी शटर उघडायचंच विसरलो होतो.) मात्र एवढ्या राइजला भिंगाने किमान २०० मिमी व्यासाचं वर्तुळ उजळायला हवं. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांची भिंगं इथे बऱ्याचदा कमी पडतात आणि कोपरे काळे येतात.

टिल्टचं काम जमिनीशी. भिंग पुढे झुकलं की फोकसचा पडदा (ज्या प्रतलातलं सगळं धारदार उमटतं तो) उभा न राहता आडवा पसरतो. फिल्मची, भिंगाची आणि फोकसची प्रतलं एकाच रेषेत मिळतात. ऑस्ट्रियन लष्करातल्या थिओडोर शाइम्पफ्लुगने १९०४ च्या पेटंटमध्ये हवाई फोटोंसाठी हे मांडलं, त्याआधी फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतियेने. कोन लागतो अगदी थोडा. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, भिंग १५० मिमी, तर जेमतेम सहा अंश. कासच्या पठारासारख्या सपाट जागी पायापुढच्या फुलांपासून पार कडेपर्यंत सगळं धरता येतं.

माझं चुकलं ते ओव्हलवरच. राइज दिला आणि पुढचं गवतही धारदार हवं म्हणून सहा अंश टिल्टही. निगेटिव्ह वाळल्यावर लूप (बारकावे बघायचं छोटं भिंग) लावला: गवत सुरेख, खालची लायब्ररी ठीक, घड्याळापासून वर सगळं मऊ. जमिनीवर आडवा पडलेला फोकस एफ २२ वरही (म्हणजे भिंगाचं छिद्र बरंच लहान करूनही) दीडशे मीटरवर वीसेक मीटरच उंची सांभाळतो. त्यावरचा टॉवर त्यातून बाहेरच.

चिडचिड झाली ती नंतर आकडेमोड केल्यावर. राइजमुळे खालच्या बाजूला ३२ मिमीच उरतात, म्हणजे चौकटीतली सर्वांत जवळची जमीन सात मीटरवर. आणि एफ २२ ला दहा मीटरवर फोकस ठेवला तर पाच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. टिल्टची तिथे गरजच नव्हती.